रस्ता पूर्ववत झाला, हीच तक्रार आहे

आमच्या गावाला जाणाऱ्या रस्त्याला एक ओढा आडवा येतो. त्यावर मोरी आहे. मोरी म्हणजे सिमेंटचे दोन नळ, त्यांच्यावर मुरूम, मुरुमावर खडी आणि सगळ्यात वर डांबर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती वाहून गेली. ऊसतोडीच्या आत नवी झाली, कारण कारखान्याच्या गाड्या थांबून चालत नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा गेली, पुन्हा झाली. २०२४ च्या जुलैत पाणी तेवढं चढलं नाही, तरी अर्धी गेलीच. तिन्ही वेळा पेपरात एकाच अर्थाची बातमी आली: वाहतूक पूर्ववत. तिन्ही वेळा आम्हाला हायसं वाटलं. आणि तिन्ही वेळा नळ दोनच बसले.

तेव्हापासून हा ‘पूर्ववत’ शब्द मला खुपायला लागला आहे. आजारी माणूस पूर्ववत झाला तर आनंदच आहे. पण जो रस्ता पाण्याला पुरेशी वाट नव्हती म्हणून मोडला, तो होता तसा करायचा म्हणजे पुढच्या वेळी मोडायला तयार करून ठेवायचा. आपल्याकडे पुरानंतरचं काम याच एका शब्दाभोवती फिरतं. निविदा त्याची, बिल त्याचं, उद्घाटनाचा नारळही त्याचाच.

रस्ता वाहून जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे ओढ्याकाठी छत्री घेऊन उभं राहिलं की दिसतं. नळांत पाणी मावेनासं झालं की वरच्या बाजूला तुंबायला लागतं. तुंबून रस्त्याच्या उंचीला येतं आणि वरून वाहू लागतं. इथवर काही बिघडत नाही. बिघडतं पलीकडच्या बाजूला. वरून आलेलं पाणी खालच्या उतारावर कोसळतं आणि साइडपट्टीचा मुरूम कुरतडत आत शिरतं. वरून रस्ता धड दिसत असतो. खालून त्याचं पोट रिकामं होत असतं. मग केव्हातरी डांबराची पोळी पुढे लोंबायला लागते, तुटते, आणि दहा मिनिटांत ट्रॅक्टर मावेल एवढी खांड पडते. पाणी ओसरल्यावर बघायला जावं तर नळ शाबूत, पन्नास फुटांवर शेतात आडवे पडलेले. नळ मजबूत होतेच. तोकडे होते.

म्हणून ‘निकृष्ट काम’ ही आपली आवडती तक्रार मला अर्धीच पटते. सिमेंट कमी घातलं, डांबर पातळ टाकलं, हे होतं, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण उत्कृष्ट सिमेंटचे दोन नळ घातले तरी चार नळांचं पाणी त्यांतून जाणार नाही. चोरी पकडायची आपल्याला सवय आहे. चूक पकडायची नाही, कारण चुकीत कुणी पैसे खाल्लेले नसतात आणि तिची बातमी होत नाही.

हेच कोल्हापूरच्या वेशीवर मोठ्या मापात बघता येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथून पंचगंगा म्हणून पुढे जातं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पावसाळ्यात आमच्याकडे पेट्रोलचा भाव कुणी विचारत नाही, ‘किती फूट झालं?’ असं विचारतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी रोज सकाळी येते. त्या प्रत्येक बंधाऱ्यावरून एरवी दुधाच्या, उसाच्या गाड्या, शाळेची पोरं जात असतात. म्हणजे ही यादी पाटबंधाऱ्याची असली तरी आम्ही ती रस्त्यांची यादी म्हणूनच वाचतो.

आणि एक शब्द आहे, तो बाहेरच्याला कळत नाही: रेडेडोह फुटला. पंचगंगेचं पाणी वाढत वाढत एका पातळीला आलं की पात्र सोडतं आणि आंबेवाडीच्या बाजूला पन्हाळ्याच्या रस्त्यावरून पलीकडच्या शेतांत घुसतं. त्याला रेडेडोह फुटणं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या म्हणतात. याचा अर्थ नदीची ही दुसरी वाट आम्हाला नावानिशी ठाऊक आहे. ती अपघात नाही, ती नदीची पावसाळी वहिवाट आहे. शेताच्या बांधावरून वहिवाटीसाठी भावाभावांत कोर्टात वीस-वीस वर्षं दावे चालतात. नदीच्या वहिवाटीवर आपण रस्ता घातला आणि पाणी रस्त्यावर आलं की ‘पाणी रस्त्यावर आलं’ असं म्हणतो.

अशा ठिकाणी दर पुरानंतर पहिली मागणी होते ती रस्ता उंच करण्याची. मागणी साहजिक आहे. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग जवळजवळ आठवडाभर पाण्याखाली होता. ट्रकांची रांग दोन्हीकडे, शहरात पेट्रोल नाही, भाजी नाही, दूध नाही. २०२१ मध्ये पुन्हा तेच. ज्याने ते दिवस काढले तो म्हणणारच, की उचला रस्ता दहा फूट. पण उचलायचा कसा? स्वस्त मार्ग एकच: मातीचा भराव. आणि नदीच्या पूरपट्ट्यात आडवा घातलेला दहा फुटी भराव म्हणजे धरणच, फक्त त्याला दरवाजे नाहीत. त्याच्या वरच्या अंगाला फुगवटा येतो. पंचगंगेसारख्या सपाट खोऱ्यात हा फुगवटा वीतभर असला तरी लांबवर मागे जातो आणि ज्या घरात पाणी उंबऱ्याशी थांबायचं तिथे ते आत येतं. महामार्ग कोरडा राहील, गाव भिजेल. म्हणून कोल्हापूर-शिरोळ भागातले लोक ‘भराव नको, खांबांवर पूल द्या’ असं म्हणतात, तेव्हा तो विकासाला विरोध नसतो. त्यांनी पाणी चढताना पाहिलेलं असतं.

गंमत अशी, की याच नदीकाठी घर बांधायला निघालेल्या माणसाला आपण निळी रेषा आणि लाल रेषा दाखवतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, कारण त्याने प्रवाहाला अडथळा होतो. बरोबर आहे. पण दोन खोल्यांच्या घराने होणारा अडथळा दिसतो आणि दोन्ही रेषा काटकोनात कापत जाणारा भराव दिसत नाही, हे कसं? रस्ता नदी ओलांडणारच, त्याला इलाज नाही. मात्र ओलांडताना नदीला किती गाळे, म्हणजे खांबांमधून जायच्या मोकळ्या वाटा, ठेवले, याचा हिशेब घरवाल्याकडून मागतो तेवढ्याच कडकपणे सरकारी खात्याकडूनही मागायला हवा.

आता महाडला जाऊ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या गेल्या, सुमारे चाळीस माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. हे वाक्य मला अजून छळतं, कारण ते खोटं असेल असं मला वाटत नाही. मे महिन्यात नदी पायाशी वाहत असते. कठडा, कमानी, दगडांच्या सांध्यातून उगवलेला पिंपळ एवढं दिसतं. पाण्याखाली पायाजवळची वाळू किती खरवडून गेली आहे, हे वरून वाकून कसं दिसणार? पूल वरून मोडत नाहीत, खालून उघडे पडतात. त्यांची तपासणी पुराच्या आधी नव्हे, पूर ओसरल्या-ओसरल्या, पाण्यात उतरून व्हायला हवी. आपल्याकडे त्या आठवड्यात सगळी यंत्रणा पंचनाम्यांत अडकलेली असते.

त्याच सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. वर्षाच्या आत, पुढचा पावसाळा लागायच्या आत. या कामाचं कौतुक मी मोकळ्या मनाने करतो. ठरवलं तर पैसा, कंत्राटदार, परवानगी, सगळं जुळतं, हे त्याने दाखवलं. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण तिथे शब्दशः खरी ठरली आणि थांबणं सार्थकी लागलं.

पण २२ जुलै २०२१ आला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तो एक तर कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांत जातो नाही तर कोकणात उतरतो. तळियेची दरड त्याच दिवसाची. चिपळूण बुडालं, आंबेनळी घाट जागोजागी तुटला, आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. नवा पूल उभा होता. कुणाला पलीकडे जायचं नव्हतं, कारण शहरच पाण्यात होतं. तेव्हापासून महाडकर दासगावकडे बोट दाखवतात. तिथे खाली सावित्रीच्या मैदानात कोकण रेल्वेचा भराव आहे. तो काढून तिथे गाळे ठेवा, नदीतला गाळ आणि बेटं काढा, ही त्यांची मागणी आहे. मी जलशास्त्रज्ञ नाही. भरावाचा वाटा किती, भरतीचा किती, गाळाचा किती, हे मोजणाऱ्यांनी मोजावं. पण पूल १६५ दिवसांत होतो आणि भरावाचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत राहतो, यातला फरक पैशाचा नाही. पूल तुटला की तो दिसतो, त्याचा फोटो निघतो. भराव तुटत नाही, तो दुसऱ्यांना बुडवतो. न तुटलेल्या गोष्टीची दुरुस्ती करायला आपल्या कागदपत्रांत रकानाच नाही.

रकान्यांचं म्हटलं ते उगाच नाही. आपत्ती निवारणाचा पैसा ज्या निकषांवर सुटतो, त्यात रस्ते-पुलांसाठी शब्द आहेत ‘तात्काळ स्वरूपाची दुरुस्ती’. २०१५ च्या निकषांत राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गाला किलोमीटरमागे १ लाख, ग्रामीण रस्त्याला ६० हजार. यात खड्डे बुजतात, खांडीत मुरूम पडतो. गाळा वाढत नाही. अभियंत्याला कितीही वाटलं तरी तो दोन नळांच्या जागी स्लॅबचा पूल त्या पैशात दाखवू शकत नाही. दाखवला तर लेखापरीक्षणात तोच अडकतो. त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त कळतं तोच सगळ्यात जास्त गप्प बसतो. एका निवृत्त शाखा अभियंत्याने मला सांगितलं, ‘साहेब, नळ किती हवेत हे मला ओढ्याने सांगितलं होतं. पण बिल ओढा पास करत नाही.’

पंधराव्या वित्त आयोगाने यातून एक दार किलकिलं केलं. २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडताना २० टक्के रक्कम धोका मुळात कमी करण्याच्या कामांसाठी आणि ३० टक्के पुनर्बांधणीसाठी ठेवली. म्हणजे ‘पूर्ववत’च्या पलीकडे जायची सोय कागदावर आली. पण सोय कागदावर आली म्हणून सवय जात नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मराठवाड्यातल्या नद्या अशा काही फुगल्या, की लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग थांबला आणि जिथे प्यायला टँकर येतात तिथे होड्या आल्या. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात १० हजार कोटी रस्ते-पुलांसारख्या पायाभूत सुविधांसाठी. रक्कम लहान नाही. माझा प्रश्न रकमेचा नाहीच. त्या कामांपैकी किती मोऱ्यांचं तोंड आधीपेक्षा मोठं झालं, एवढी एकच यादी कुणीतरी तालुकावार लावावी. किती किलोमीटर झाले ते नको. तोंड किती वाढलं ते सांगा.

इथे खेड्यातला माणूस मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. ‘तुम्ही तोंड मोजत बसा, तोवर बाळंतीण दवाखान्यात न्यायची कशी?’ २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, पाण्याने वेढलेल्या गावातून माणसं बाहेर काढताना होडी उलटली आणि माणसं बुडाली. वाट तुटणं म्हणजे काय, हे त्या गावाला विचारावं. म्हणून थांबा असं मी म्हणत नाही. मुरूम टाका, नळ टाका, चार दिवसांत गाडी जाऊ द्या. फक्त त्याला तात्पुरतं म्हणा, तसा फलक लावा आणि त्याच्यावर डांबर ओतून काम संपल्याचं नाटक करू नका. कायमचं काम पुढच्या उन्हाळ्यात, माप घेऊन. आपल्याकडे होतं उलटं: तात्पुरत्यालाच रंग देऊन कायमचं म्हणतात.

माप घ्यायला फार लांब जावं लागत नाही. पूर कुठवर आला हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. देवळाच्या खांबावर खूण असते, नाही तर तारेच्या कुंपणात अडकलेला पाला असतो. तो पाला दोन आठवड्यांत वाळतो, शेळ्या खातात, आणि जगातला सगळ्यात स्वस्त पुरावा नाहीसा होतो. तलाठी पिकाचा पंचनामा करायला येतोच. त्याच फेरीत प्रत्येक मोरीपाशी पाणी किती उंच होतं, याची रंगाची एक रेघ मारायला काय लागतं? पुढच्या अंदाजपत्रकात अभियंत्याने त्या रेघेला उत्तर द्यावं.

आणि सगळेच रस्ते कोरडे राहिले पाहिजेत, हा हट्टही सोडायला हवा. प्रत्येक गावाला एक रस्ता असा हवा, की महापुरातही तो दवाखान्याशी तुटणार नाही. तो खांबांवर घ्या, महाग पडला तरी घ्या. बाकीच्यांना बुडू द्या. मात्र नीट बुडू द्या. काँक्रीटचा फरशी पूल, दोन्ही बाजूंना खोलवर नेलेली भिंत, कठड्याऐवजी नुसते खुणेचे खांब: त्याच्यावरून चार दिवस पाणी गेलं तरी पाचव्या दिवशी वरचा गाळ फावड्याने ओढला की वाट मोकळी. डांबर पाण्याला भितं, काँक्रीट नाही. फरशी पूल म्हटलं की आपल्याला तो मागासलेला वाटतो, कारण पुढाऱ्याने ‘उड्डाणपूल’ म्हटल्यावर टाळ्या पडतात. पण अंदाजपत्रकात सगळे रस्ते अर्धवट उंच करण्यापेक्षा एक पुरता उंच आणि चार पुरते नम्र, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कुठला रस्ता उंच आणि कुठला बुडणारा, हे ग्रामसभेत भांडून ठरावं. भांडण होईलच. पण आज ते ठरतंच, फक्त कुणाला न विचारता.

बुडण्यात कमीपणा नाही, हे आमच्या भागाला नव्याने शिकवायला नको. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ आहे. पावसाळ्यात पाणी चढतं, गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक रात्री-बेरात्री स्नानाला येतात, बातमी होते, आनंद होतो. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. ओसरलं की गाळ धुऊन पूजा पुन्हा सुरू. ज्यांनी ते बांधलं त्यांनी नदीला आत यायला दार ठेवलं आणि बाहेर जायलाही ठेवलं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याला; मला त्यात स्थापत्य दिसतं. त्या देवळापासून थोड्याच अंतरावरच्या रस्त्यांना मात्र आपण फक्त यायचं दार ठेवलं आहे.

परवा गावी गेलो होतो. ओढ्याच्या कडेला नवे नळ आणून टाकले आहेत, पावसाआधी काम होणार आहे म्हणे. गाडी थांबवून खाली उतरलो. दोन होते. तिथे म्हैस पाण्यावर घेऊन आलेल्या म्हाताऱ्या आबांना विचारलं, ‘आबा, पाणी कुठवर आलं होतं हो एकोणीसला?’ त्यांनी काठी उचलून पलीकडच्या बाभळीकडे दाखवली. बाभळीच्या दुभंगलेल्या फांदीत, माझ्या डोक्याच्या वर, उसाचं वाळकं पाचट अजून अडकलेलं होतं. खिशातला फोन काढून मी त्याचा फोटो घेतला, नळ आणि बाभूळ एकाच चौकटीत येतील असा. तो फोटो आणि एक पानी अर्ज सोमवारी पंचायत समितीत देणार आहे. आबा म्हणाले, ‘माझं नाव घाल खाली. अंगठा नको, सही येते मला.’